संकष्टीचा फोन

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे लेखी रूप)



गणपतीसमोर उभे राहायचे आणि बोलायचे हृदयविकारावर, हे जरा विचित्रच आहे. पलीकडे ताटात झाकून ठेवलेले मोदक मला इथून दिसताहेत. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आज मी मोदकाविरुद्ध एक अक्षरही बोलणार नाही.

कार्यकारिणीने मला विषय दिला होता, ‘हृदयविकार कसा टाळावा’. त्यावर तुम्ही इतके वाचले-ऐकले आहे की माझ्याआधी तुम्हीच उत्तरे द्याल. म्हणून मी विनंती केली की मला माझ्या गावाबद्दल बोलू द्या. विषय तोच राहील, फक्त जागा बदलेल.

माझे गाव सावरगाव. हे नाव घेतले की काहींना नरखेडकडचे सावरगाव आठवते. ते नव्हे. माझे सावरगाव जाम नदीच्या काठचे. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला आम्ही. या सभागृहात सौंसरचे लोक आहेत, लोधीखेड्याचे आहेत, मोहगावचे आहेत. दोन-तीन पिढ्यांपूर्वी शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपण या शहरात आलो आणि इथलेच झालो. पण घरातला एक दिवा अजून तिकडे आहे. कोणाचे काका, कोणाची आत्या, कोणाचा चुलतभाऊ संत्र्याचा बगीचा सांभाळून तिथेच राहिला आहे. माझे आजचे बोलणे त्या लोकांबद्दल आहे.

तुम्हाला माहीत आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरे लाकडी बैल घेऊन फिरतात, मारबती निघतात. आमच्याकडे त्याच दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवायचे, त्यावर झेंडा लावायचा, आणि तो काढण्यासाठी पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या काठावर. दिवसभर दगड चालतात. शेकडो माणसे जखमी होतात. जीवही गेले आहेत. ही प्रथा चांगली की वाईट, या वादात मी आज शिरत नाही. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. त्या एका दिवशी आमच्या गावात डॉक्टर असतात, ड्रेसिंगचे टेबल असते, रुग्णवाहिका उभ्या असतात, पोलीस असतात, वरिष्ठ अधिकारी असतात. डोके फुटलेल्या माणसाला पट्टी बांधायला चार हात पुढे येतात. कारण रक्त दिसते.

पण गावात दुसरीही एक गोटमार चालू असते, आणि ती वर्षाचे ३६५ दिवस चालते. तिथे दगड दिसत नाही, रक्त दिसत नाही, ओरडा ऐकू येत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींवर वाढलेल्या दाबाचा, साखरेचा, तंबाखूचा मारा सुरू असतो. दहा-पंधरा वर्षे काहीच कळत नाही. आणि एका सकाळी माणूस विहिरीवर मोटार सुरू करायला जातो आणि परत येत नाही. किंवा परत येतो, पण तोंड वाकडे झालेले असते. मग आपण म्हणतो, ‘काल तर चांगला होता हो.’

तो काल चांगला नव्हता. फक्त कोणी मोजले नव्हते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी गावात शिबिर घेतले. शाळेच्या व्हरांड्यात टेबले लावली, बॅनर लावला, नारळ फोडला. दिवसभर रांग होती. रक्तदाब मोजला, बोटाला टोचून साखर पाहिली, वजन घेतले. ज्यांचे आकडे जास्त आले त्यांना चिठ्ठी दिली, ‘दवाखान्यात दाखवा’. संध्याकाळी फोटो काढले. गाडीत बसताना आम्हाला वाटले, आज गावासाठी काहीतरी केले.

पुढच्या वर्षी पोळ्याला गेलो. आमच्या आळीत एक मावशी आहेत, लहानपणी मला त्यांच्या घरच्या पुरणपोळीची चटक होती. त्यांना भेटायला गेलो, तर त्या खाटेवर. उजवा हात उचलत नव्हता. बोलणे जडावले होते. पण मला ओळखले, डोळ्यांनी हसल्या. त्यांच्या सुनेने देव्हाऱ्यातून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘तुमी देल्ली होती म्हून सासूबाईनं जपून ठेवली जी.’ गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलेली ती आमच्या शिबिराची चिठ्ठी होती. कडेला हळद-कुंकू लागले होते. तिच्यावर १७८/१०४ असा आकडा होता. अक्षर माझे होते. आणि मजकूर इंग्रजीत होता.

त्या चिठ्ठीचे काय करायचे, हे मी मावशींना नीट सांगितले नव्हते. सांगितले असते तरी पुढे कोण नेणार, गोळी कुठे मिळणार, ती किती दिवस घ्यायची, यातले काहीच आम्ही ठरवले नव्हते. त्यांनी आपल्या परीने त्या कागदाचा मान राखला. मान आम्ही राखला नाही.

मित्रहो, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. रक्तदाब मोजणे हे काम नव्हे. दुसऱ्यांदा मोजणे हे काम आहे. आणि तिसऱ्यांदा, आणि बाराव्यांदा.

हे नुसते माझ्या मनातले नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उपनगरांत एक मोठा प्रयोग झाला. एकूण ५९,६१६ लोकांचा त्यात हिशेब होता. त्यांतल्या एका गटाला बोलावून तपासण्या केल्या, धोका सांगितला, आहार-व्यायामाचा सल्ला दिला, ज्यांना धोका जास्त होता त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले. दुसऱ्या गटाला बोलावलेच नाही. दहा वर्षांनी पाहिले, तर हृदयविकार आणि मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येकाचा फॅमिली डॉक्टर आधीपासून ठरलेला असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. तरी त्यातून निघणारा धडा आपल्यालाही लागू आहे. तपासणी आणि उपदेश एवढ्यावर जीव वाचत नाहीत.

आता दुसरा प्रयोग पाहा, आपल्या शेजारचा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये, रक्तदाब असलेल्या २,६४५ लोकांवर तो झाला. तिथे गावातल्याच आरोग्यसेविका घरोघर गेल्या, रक्तदाब मोजला, घरच्यांशी बोलल्या, आणि ज्यांचा दाब जास्त त्यांना डॉक्टरकडे पोहोचवले. डॉक्टरांनाही ठरावीक पद्धतीने उपचार करायचे शिकवले होते. दोन वर्षांनी या वस्त्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला होता. जिथे नेहमीचीच व्यवस्था होती तिथे तो ४ च्या आसपासच उतरला. पाचचा फरक म्हणजे किरकोळ वाटेल. पण वरचा आकडा १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका जवळजवळ चतुर्थांशाने कमी होतो. पाचाची किंमत त्यावरून करा.

या दोन प्रयोगांत दारात पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाईचा फरक आहे. तिच्यामागे औषध आणि डॉक्टर उभे आहेत, हाही फरक आहे.

आता कोणी म्हणेल, हे आजार शहरी लोकांचे. खेड्यातला माणूस उन्हातान्हात राबतो, ताजी भाजी-भाकर खातो, त्याला कसला हृदयविकार? मीही डॉक्टरी शिकताना असेच समजत होतो. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणे शोधली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झालेले होते, म्हणजे दर सातांत एक. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण तेच निघाले. मलेरिया नाही, साप नाही, क्षय नाही. आणि यातली बहुतेक माणसे घरातच गेली. गडचिरोलीच्या जंगलात ही स्थिती असेल, तर नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात ती नसेल असे समजायला काय आधार आहे?

कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. खर्रा घ्या. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटलेला. शाळेतली पोरेसुद्धा खातात. तंबाखू फक्त तोंडाचा कर्करोग करते असे लोकांना वाटते, पण ती रक्तवाहिन्याही आवळते. मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक छोटा सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून. आमच्याकडे पापड, कुरडया, लोणचे, सांडगी मिरची, आणि ताटात डावीकडे वेगळे मीठ. शिवाय काम बदलले. मोटेच्या जागी पंप आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, शेतावर जायला मोटारसायकल आली. यात गैर काही नाही, पण अंगमेहनत कमी झाली आणि भाताचा ढीग तेवढाच राहिला. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. आमच्या गावात शिंप्याचा टेपसुद्धा ही तपासणी करू शकतो.

देशभराचे चित्र काय आहे? उच्च रक्तदाब असलेली शंभर माणसे उभी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात त्यांतल्या ३७ जणांनाच आपल्याला हा आजार आहे हे माहीत असते. ३० जण औषध घेतात. आणि ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे, असे निघतात फक्त १५. शंभरातले पंधरा! पोरगा परीक्षेत इतके गुण घेऊन आला तर आपण त्याला घरात घेणार नाही.

उरलेले कुठे गळतात? पहिली गळती ‘मोजलेच नाही’ ही. तिच्यासाठी तपासणी. पण दुसरी गळती मला जास्त छळते. माणसाला कळते, गोळी सुरू होते, महिन्याभराने बरे वाटते आणि गोळी बंद होते. गावात मी हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतही म्हणून दाखवीन: ‘मले तं काहीच होत नाही जी. मंग गोळी कायले खाऊ?’

यावर रागावून उपयोग नाही. या प्रश्नात एक सरळ शहाणपण आहे. ताप आला की गोळी, ताप गेला की गोळी बंद, हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. रक्तदाबाचे मात्र उलटे आहे. काही होत नाही, कारण गोळी चालू आहे. मी आता लोकांना बगीचाचे उदाहरण देतो. संत्र्याला ठिबकने पाणी मिळते म्हणून झाड हिरवे आहे. झाड हिरवे दिसते म्हणून कोणी ठिबक बंद करतो का? हे त्यांना लगेच पटते. ‘सायटोलिक-डायटोलिक’ सांगितले तर पटत नाही.

सरकारी व्यवस्था काहीच नाही, असे मात्र समजू नका. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करण्याची योजना आज देशभर आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला हा आजार होता का, अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचे. रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, एवढे त्यात पाहतात. उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे, तिथे सामुदायिक आरोग्य अधिकारी बसतात. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या मोफत मिळण्याची तरतूद आहे.

२०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता आणि मध्य प्रदेशही. त्याला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यात नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. साऱ्यांसाठी एकच साधी उपचारपद्धती, औषधाचा अखंड पुरवठा, डॉक्टरसोबत नर्स आणि आरोग्यसेविकेलाही जबाबदारी, घराजवळ औषध, आणि प्रत्येक रोग्याची नोंद. जो महिन्याला आला नाही त्याचे नाव वहीत उठून दिसले पाहिजे. आमच्या चिठ्ठीत नेमके हेच नव्हते. आम्ही वही ठेवलीच नव्हती.

आता आमच्या भागाची एक खास अडचण सांगतो, जी तुम्हालाच नीट समजेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमचे लग्न, बाजार आणि दवाखाना नागपूरकडे, आणि कागद भोपाळकडे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण छिंदवाड्याहून जवळ आले, एवढी सोय झाली. पण आजारी माणूस अजूनही नागपूरचीच गाडी धरतो. तिथला डॉक्टर तपासतो, चांगली गोळी लिहून देतो. तिची फाईल नागपूरला राहते. गावातल्या आशाताईच्या वहीत त्याचे नाव नसते, किंवा असते आणि त्यापुढे ‘बाहेर उपचार चालू’ एवढेच लिहिलेले असते. संत्र्याला भाव चांगला मिळाला त्या वर्षी नागपूरची चक्कर होते, गोळ्या येतात. भाव पडला की चक्कर बंद, गोळ्या बंद. पुष्कळदा त्याच जातीची गोळी गावाजवळ मोफत मिळत असते. पण डब्यावरचे नाव वेगळे, म्हणून माणसाला वाटते हे आपले औषध नव्हे.

उपाय अवघड नाही. नागपूरच्या डॉक्टरांना सांगायचे, गोळीचे मूळ नाव आणि मात्रा लिहून द्या. तो कागद आरोग्य मंदिरात दाखवायचा आणि इथे काय मिळते ते विचारायचे. मनाने गोळी बदलायची नाही आणि मनाने बंदही करायची नाही.

मोजण्याबद्दलही थोडे सांगतो, कारण आपल्या घरोघरी आता मशीन आले आहे आणि चुकीचे मोजण्याची साथही आली आहे. आमच्या शिबिरात माणूस उन्हातून चालत येई, रांगेत गप्पा मारी, खर्रा थुंकून खुर्चीवर बसे आणि लगेच पट्टा बांधला जाई. तसा आकडा खरा नसतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाच मिनिटे शांत बसायचे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचे नाही. दोनदा मोजायचे. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. एका दिवसाच्या एका आकड्यावरून कोणी जन्माचा रोगी ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आला, तर डॉक्टर. १८०/११० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणखी एक. आकडा एकटा नसतो. पस्तिशीच्या, तंबाखू न खाणाऱ्या बाईचा १५० आणि साठीच्या, मधुमेह असलेल्या, बिडी ओढणाऱ्या माणसाचा १५० हे सारखे नाहीत. दोघांनाही लक्ष हवे, पण दुसऱ्याला पुढच्या दहा वर्षांतला धोका कितीतरी जास्त आहे. म्हणून फॉर्ममध्ये वय आणि तंबाखू विचारतात. ती चौकशी उगाच नसते. आशाताईला खरे सांगा.

तपासणी केव्हा आणि कुठे, हाही प्रश्न आहे. आम्ही रविवारी सकाळी शिबिर घेतले, ते कापूस वेचणीच्या दिवसांत. आले कोण? म्हातारे आणि पोरे. तीस ते पन्नास वयाची माणसे, ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे, ती शेतात होती. त्यांना गाठायचे तर दिवेलागणीला मारुतीच्या पारावर बसले पाहिजे. आठवडी बाजारात, दुकानाच्या ओट्यावर बसले पाहिजे. बायांचे तर वेगळेच. त्या पाहुण्यांना चहा करतात, नवऱ्याचा रक्तदाब मोजून घेतात आणि स्वतः ‘माह्यं मंग पाहू’ म्हणतात. त्यांचे ते ‘मंग’ कधी येत नाही. भजनी मंडळात, हळदीकुंकवाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या एकत्र येतात. मशीन तिथे नेले पाहिजे.

आता मी मागणीवर येतो. भाषण करणारा माणूस शेवटी काहीतरी मागतोच, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मला मंडळाकडून शिबिर नको. बॅनर नको, एक दिवसाचा समारंभ नको. मंडळाला पैसे द्यायचेच असतील, तर गावातल्या आशाताई आणि आरोग्य अधिकारी यांना विचारून द्या. कुठे चांगले मशीन हवे असेल, कुठे मोठा पट्टा, कुठे नुसत्या बॅटऱ्या. त्यांचे काम चालू आहे. त्यांच्या शेजारी दुसरे दुकान थाटू नका.

दुसरी मागणी प्रत्येक घराकडे आहे आणि तिला पैसा लागत नाही. गावातला आपला एक माणूस निवडा. काका, आत्या, मामी, जुन्या सालदाराची बायको, कोणीही. वय तिशीच्या वर असावे, एवढेच. या वर्षी महालक्ष्म्यांना किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा मशीन सोबत न्या. नीट बसवून मोजा. आकडा जास्त आला तर तुम्ही स्वतः, हात धरून, त्यांना आरोग्य मंदिरात न्या आणि वहीत नाव लिहवून घ्या. चिठ्ठी देऊ नका. चिठ्ठी देव्हाऱ्यात जाते.

आणि मग दर महिन्याला एक फोन करा. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून मी एक सोय काढली आहे. दर महिन्याला संकष्टी येते. आपल्यापैकी निम्म्या घरांत तिचा उपवास असतो. उपवास नसला तरी चंद्रोदय किती वाजता, हे कोणीतरी विचारतेच. त्या दिवशी फोन लावायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या. गोळी रोज घेता ना? किती दिवसांच्या उरल्या? मागचा आकडा किती आला? गोळी साधारण महिन्याची मिळते, संकष्टीही महिन्याने येते. हिशेब जुळतो.

‘कशी आहे तब्येत?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर कायम ‘बरी आहे जी’ असेच येते. आकडा विचारा.

गेली काही वर्षे मी हे करतो आहे. सुरुवातीला लोकांना वाटले, डॉक्टरला निवृत्तीनंतर काम उरले नाही. आता संकष्टीला माझा फोन उशिरा गेला तर तिकडून फोन येतो. एक शेजारी तर मला आकडा सांगण्यासाठी आदल्या दिवशी मोजून ठेवतात. मोजले जाते, गोळी आणली जाते, एवढेच मला हवे आहे. बाकी आमच्या गप्पा पाऊस, मृग बहार आणि भाव यांच्याच असतात.

एक धोक्याची सूचना देऊन थांबतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पीत बसू नका. तोंड एका बाजूला ओढले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका. १०८ लावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, पण ते पहिल्या साडेचार तासांतच. आपल्या गावाहून मोठे रुग्णालय लांब आहे, म्हणून आपल्याला वेळ शहरातल्या माणसापेक्षा कमी असतो. हे गावातल्या घरी आजच सांगून ठेवा.

मावशी अजून आहेत. हात थोडा सुधारला आहे. डाव्या हाताने आता गणपतीला फूल वाहतात. त्यांची सून आळीतल्या बायांना आपणहून आरोग्य मंदिरात घेऊन जाते. तिला कोणी नेमलेले नाही. मागच्या पोळ्याला मी विचारले, ‘तुझा स्वतःचा रक्तदाब पाहिला का ग?’ म्हणाली, ‘पाह्यला जी. दोनदा पाह्यला.’

आमच्या गोटमारीच्या दिवशी शेकडो हात जखमेवर पट्टी बांधायला तयार असतात. माझे म्हणणे एवढेच, त्यांतला एखादा हात वर्षभर फोनपर्यंत जावा.

मोदक गार होताहेत. आरतीनंतर मी मशीन घेऊन त्या कोपऱ्यात बसणार आहे. मोदक खायच्या आधी या, पाच मिनिटे गप्प बसा, आणि बायांनी आधी या.

गणपती बाप्पा मोरया!